लोकर जाळून बघणारा तोर्गेर

उणे अकरा अंश. रात्रभर पडत राहिलेला भुसभुशीत बर्फ पहाटे थांबला आणि दरीत असा गारठा उतरला की नाकातले केसही ताठ झाले. तोर्गेरनं बर्फ लोटायची गाडी अंधारातच बाहेर काढली होती. आधी शाळेचा रस्ता, मग डेअरीचा, मग चर्चचा चढ. गावाला जाग यायच्या आत रस्ते काळे दिसले पाहिजेत, एवढंच त्याचं काम. पण हा माणूस काम करता करता संशय घेतो. हवामानाचा अंदाज सांगणाऱ्यांवर त्याचा भरवसा नाही. रस्त्यावर टाकायची खडी तो मूठभर घेऊन चोळून बघतो, आणि कॉफीचं नवं पाकीट फोडलं की आधी हुंगतो. बायको समुद्रातून तेल काढायच्या फलाटावर स्वयंपाक करते, पंधरा पंधरा दिवस तिकडंच. तिच्यावर मात्र त्यानं कधी संशय घेतला नाही. ती म्हणते, "तेवढा वेळच हाय कुठं त्याला? खडी कोण चोळंल?"

त्या सकाळी त्याच्या डोक्यात होती पोरगी, सिन्ने. गेल्या रविवारी मुलांच्या स्कीच्या शर्यतीत ती अर्ध्या वाटेतच थांबली. ओठ निळे, दात कडाकडा वाजतायत. थंडी तर बेताचीच होती. घरी आल्यावर शेगडीजवळ बसून ती म्हणाली, "बाबा, येत्या रविवारी जाते. पण पुन्हा अशी गारठले ना, तर माज्या स्की दुसऱ्याला देऊन टाक."

आमच्या दरीत रविवारी घरात कोण राहतं? आजारी माणूस आणि कुत्रं, तेही म्हातारं. स्की सोडलेलं पोर सगळा हिवाळा खिडकीशी बसून काढतं.

त्याचा पहिला संशय मोलफ्रिडवर. मोलफ्रिड म्हणजे शेजारीण. मेंढ्या पाळते, शिवाय खेळाच्या सामानाच्या दुकानात गल्ल्यावर बसते. शरद ऋतूत शाळेच्या सभागृहात मुलांच्या लहान झालेल्या कपड्यांची अदलाबदल होते, तिथं तिनं आपल्या पोराचा आतून घालायचा लोकरी जोड सिन्नेला दिला होता. "माज्या मेंढ्यांची लोकर हाय, शंभर टक्के," म्हणाली होती.

"शंभर टक्के म्हणणारा माणूस नव्वदच देतो," तोर्गेर स्वयंपाकघरात पुटपुटला. त्यानं त्या जोडातल्या सदऱ्याच्या काठाचा एक धागा उसवला आणि बशीत धरून काडी लावली.

सिन्ने पावावर तपकिरी चीज लावत होती. "शी! केस जळल्यासारखा वास येतोय."

"त्यालाच लोकर म्हनत्यात." राख बोटात चुरगळली, नायलॉनसारखा वितळून गोळा झाला नाही. लोकर खरी होती. तोर्गेर जरा हिरमुसलाच.

मग दुसरा संशय. स्की शिकवणारी वेंके. शहरातून आलेली, बोलते पुस्तकासारखं. पोरांना बर्फात उभं करून भाषणं देत असणार, नाहीतर चालणारं पोर गारठेलच कसं? गुरुवारी संध्याकाळी सराव होता. रात्रीच्या सरावासाठी दिवे लावलेल्या स्कीच्या वाटेवर तोर्गेर एका फरच्या झाडामागं जाऊन उभा राहिला. वेंके भाषण देत नव्हती. पोरांना चढावर पळवत होती, थांबवलंच तर टुणटुण उड्या मारायला लावत होती.

"तोर्गेर," ती लांबूनच ओरडली, "झाडापेक्षा तुमचं पोट पुढे आलंय. या ना इकडे!"

पोरं खिदळली. तोर्गेर बाहेर आला. "चिठ्ठी शोधत होतो. खिशातली पडली."

"बरं. सिन्ने आतून काय घालते?"

"लोकर. खरी लोकर. जाळून बघितलीया."

"मग ती सारखी कुडकुडते का?"

त्यानं सिन्नेला जवळ ओढलं आणि हातमोजा काढून तिच्या मानेखाली कॉलरमध्ये बोटं घातली. वर लोकर लागली, खरखरीत, कोरडी. आणि तिच्या खाली, कातड्याला चिकटलेलं काहीतरी थंडगार, भिजलेलं.

"हे काय गं?"

सिन्नेनं कॉलर वर ओढून घेतली.

"सुती गंजी?" तोर्गेरचा आवाज असा पडला, जणू पोरीच्या अंगावर साप सापडला. वेंकेनंही डोळे विस्फारले. आमच्याकडं बर्फात जाताना कातड्याला सुती कापड लावणं म्हणजे ओलं फडकं अंगाला गुंडाळून निघणं. सुती घाम पितं आणि धरून ठेवतं. माणूस थांबला की गारठा हाडांत.

"लोकर खाजते," सिन्ने म्हणाली. "लई खाजते बाबा. काटे टोचल्यागत."

"मग सांगायचं न्हाई?"

"तूच म्हनतोस ना, लोकर खाजती म्हननारी मानसं शहरातली." तिनं वेंकेकडं चोरून बघितलं. "मला शहरातलं व्हायचं न्हवतं."

तोर्गेर तिथंच उभा राहिला. दरीतल्या सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. एक माणूस राहिला होता, तो त्याच्या बुटांत उभा होता.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी तो सिन्नेला घेऊन दुकानात गेला. जाळलेल्या धाग्याची गोष्ट तोवर गावभर झाली होती. मोलफ्रिडनं गल्ल्यावरूनच विचारलं, "कोण लबाड निघालं? मी का माजी मेंढी?"

"मीच." पुढं तो भराभरा बोलला, "पोरीला खाजनार न्हाई असं काहीतरी दाव."

तिनं पातळ, मऊ लोकरीचा जोड काढला. परदेशी मेंढीची लोकर. तोर्गेरनं गालावर घासून बघितला, उजेडाला धरला. "एवढं मऊ? लोकर म्हनायचं का हे?"

"तुज्या गालाला नको विचारूस. पोरीला विचार. आन् काडीपेटी बाहेर ठेवून ये."

सिन्नेनं तो जोड दुकानातच अंगात घातला आणि शाळा सुटेपर्यंत तसाच ठेवला. एकदाही खाजवलं नाही.

रविवारी तोर्गेर शेवटच्या वळणावर उभा होता. सिन्ने मधल्या पोरांत आली, तोंड लाल, नाक गळतंय. थांबली नाही. रेघ ओलांडून सरळ गरम सरबताच्या रांगेत गेली आणि पुढच्या पोरीशी भांडायला लागली. दात वाजत नव्हते.

"गार वाटतंय?" तोर्गेरनं विचारलं.

"न्हाई."

"खरं सांग."

"बाबा! खायला वॉफल दे आधी."

दहा वर्षांखालच्या सगळ्या पोरांना सारखंच बक्षीस, एक छोटा पेला. तोर्गेरनं तिचा पेला उलटा करून बुडाशी काय लिहिलंय ते बघितलं.

घरी आल्यावर त्यानं मऊ जोड धुतला नाही. लोकर दरवेळी धुवायची नसते, हवा द्यायची असते. ओसरीतल्या दोरीवर टांगला. जाडा जोड घडी करून मोलफ्रिडला परत द्यायच्या पिशवीत घातला, उसवलेला काठ आतल्या बाजूला दुमडून. सिन्ने आतून ओरडली, पुढच्या रविवारी शर्यत किती वाजता?

"बघू, हवामानवाले काय थापा मारत्यात," तो म्हणाला, आणि बर्फ लोटायच्या गाडीच्या पात्यावर साचलेला थर ठोकून पाडायला हातोडा घेऊन अंगणात गेला.