शरयूताईंचा रिपोर्ट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, मध्ये हसलात तर मला पुढचं सांगवणार नाही. तसे घोटाळे मी आयुष्यात पुष्कळ केलेत. बदलून आलेल्या नव्या साहेबांना चपराशी समजून पाणी आणायला सांगितलंय. सासऱ्यांना 'राँग नंबर' म्हणून फोनवर झापलंय. पण गेल्या हिवाळ्यात मी जो पराक्रम केला, त्याला तोड नाही!

त्याचं झालं असं. आम्ही राहतो भोपाळच्या मिसरोदला. मी श्रीपाद जोशी, कारखान्यात तीस वर्षं टेक्निशियन. मशीनचा नुसता आवाज ऐकून सांगायचो, बेअरिंग गेलंय! त्यामुळे कुठे काय बिघडलंय ते जगाच्या आधी आपल्याला कळतं, असा माझा समज. बायकोच्या मते गैरसमज. बायको निर्मला, उज्जैनची. तिचं मराठी अर्धं हिंदीतून येतं, पण लागायचं तिथे बरोबर लागतं.

शेजारी शरयूताई. त्याही जोशीच, पण आमच्या नात्यातल्या नाहीत. गणिताच्या शिक्षिका होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलता एक मुलगा मंदार बंगळुरूला. ताई एकट्या राहतात आणि अडुसष्टाव्या वर्षी स्वतःच्या स्कूटरवरून अख्खं भोपाळ फिरतात. मंदारचं एकच टुमणं, "आई, आता इकडे ये." ताईंचं एकच उत्तर, "हातपाय चालतायत तोवर नाही."

तर, कॉलनीच्या हॉलमध्ये एका लॅबने ज्येष्ठ नागरिकांसाठी रक्ततपासणीचं शिबिर लावलं. नाव लिहा, मोबाइल नंबर द्या, ओटीपी सांगा, की तुमचं हेल्थ कार्ड तयार! आता ताईंकडे बटणांचा फोन. त्या म्हणतात, फोन बोलायला असतो. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "आंटी, रिपोर्ट तो मोबाइल पे ही आएगी."

मी लगेच पुढे. "माझा नंबर लिहा हो. ताई, तुम्ही काळजी करू नका, मी आहे ना!"

हे 'मी आहे ना' माझ्या तोंडून निघालं की निर्मला डोळे मिटून घेते.

स्क्रीनवर काय काय विचारत होते. माहिती साठवायची परवानगी आहे का? दुसऱ्यांना दाखवायची परवानगी आहे का? मी न वाचता 'सहमत, सहमत' करत गेलो. त्याच ओघात मीही रक्त देऊन टाकलं. मला काही होत नव्हतं हो! केवळ लोकांना धीर यावा म्हणून.

तीन दिवसांनी, सकाळी पोहे खात असताना फोन वाजला. लॅबचा मेसेज. उघडला. वर नाव, एस. आर. जोशी. शरयू रघुनाथ जोशी! आणि खाली बघतो तर काय, लाल बाणच लाल बाण! सहा बाण, सगळे वर तोंड करून. साखर वर, चरबी वर, आणखी काय काय वर. मशीनवर असे सहा लाल दिवे लागले असते तर मी अख्खी पाळी थांबवली असती.

पोह्यांची बशी मी बाजूला सारली. बिचाऱ्या ताई! आणि त्या तर समोरून स्कूटरवर चालल्यात भाजी आणायला!

आता तुम्ही विचाराल, तुमचा रिपोर्ट कुठे होता? तो आला नाही. मी म्हटलं, आपल्यात सापडणार काय? काही नाही म्हणून पाठवलाही नसेल.

मी लॅबला फोन लावला. एक मुलगी बोलली, आवाज अगदी गोड.

"सर, आप पेशंट हैं?"

"मैं? छे छे! मैं पड़ोसी हूँ."

"तो सॉरी सर. किसी और की रिपोर्ट के बारे में हम नहीं बता सकते. पेशंट की परमिशन लगती है."

"अरे, पण मोबाइल नंबर तर मेरा है!"

"नंबर आपका है सर. बीमारी तो आपकी नहीं है ना?"

मी ठणकावून सांगितलं, "बिलकुल नहीं!" आणि फोन ठेवला.

कायद्याने लॅबचं तोंड बंद, मग कुणाला विचारायचं? फोनमध्ये तो बोलका मदतनीस असतो ना, काहीही विचारा, उत्तर हजर? त्याला सहाही आकडे घातले. त्याने डोळे, किडनी, हृदय, पाय, एकेक अवयव घेऊन असं काही वर्णन केलं की माझ्याच पायाला मुंग्या आल्या. शेवटी लिहिलं, 'रुग्णाने त्वरित डॉक्टरांना भेटावे आणि घरच्यांना विश्वासात घ्यावे.'

नीट ऐका. 'रुग्णाने.' मी वाचलं काय? 'घरच्यांना.'

निर्मला म्हणाली, "अहो, पहिले त्यांनाच पूछा तर! त्यांचा रिपोर्ट आहे."

"अगं, एकटी बाई. धक्का बसला तर?"

"धक्का तुम्हाला बसलाय. त्यांना बसू तर द्या!"

पण मी ऐकतोय थोडाच! गच्चीवर गेलो आणि बंगळुरूला फोन लावला. "मंदार, घाबरू नकोस हं," अशी सुरुवात केली. मला सांगा, या वाक्याने आजवर जगात कुणी घाबरायचं राहिलंय का? मी रिपोर्टही पाठवून दिला. मंदारचा आवाज कापायला लागला. "काका, तुम्ही होतात म्हणून कळलं! आई मला कधीच सांगणार नाही. मी येतोय. आता तिला एक दिवस एकटं ठेवायचं नाही. तोवर तिला काही बोलू नका."

मी खाली आलो, पण हलका होऊन नव्हे. कारण आता आपण काय करून बसलो ते हळूहळू डोक्यात उतरत होतं. एका बाईचा आजार तिच्या आधी तिच्या मुलाला कळवला होता, आणि वर तिच्यापासून लपवायचं कबूल केलं होतं! लॅबच्या त्या मुलीचं 'पेशंट की परमिशन' कानात वाजत राहिलं. ताईंनी तक्रार केली तर? नोटीस आली तर? रिटायर झालेल्या माणसाला वकील लागतो का? जेवण जाईना. ताई फाटकात दिसल्या की मी मोगऱ्याच्या कुंडीआड बसायचो.

"श्रीपादराव, काही हरवलंय का?"

"नाही, मुंग्या बघतोय."

दुसऱ्या दिवशी मंदारचा मेसेज. 'काका, आईच्या स्कूटरचे फोटो काढून पाठवता का? विकायला टाकतो. अशा तब्येतीत चालवणं धोक्याचं आहे.'

मी गेलो आणि फोटो काढायला लागलो. समोरून एक, बाजूने एक. तेवढ्यात ताई बाहेर आल्या.

"हे काय चाललंय?"

आता काय बोलावं? माझ्या तोंडून निघालं, "असंच... आठवण म्हणून."

ताईंनी चष्मा खाली करून माझ्याकडे बघितलं. "कुणाची आठवण? माझी की स्कूटरची?"

मी पळालो!

शनिवारी सकाळी मंदार दोन रिकाम्या सुटकेस घेऊन हजर. तासाभरात ताईंच्या घरातून आवाज यायला लागले. आवाज चढले. मग फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला, हातात फोन, फोनमध्ये मी काढलेला फोटो. "अंकलजी, स्कूटर यहीं बिक रही है ना?" आणि आतून ताईंची हाक आली, "श्रीपादराव! इकडे या!"

चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईची ती हाक. पाय आपोआप निघाले. पाठीमागून निर्मला म्हणाली, "जा. 'मी आहे ना' बोलला होता, आता जाऊन दाखवा."

आत सोफ्यावर मंदार, डोळे लाल. शेजारी उघड्या सुटकेसमध्ये ताईंच्या साड्या. ताई मधोमध उभ्या.

"माझ्या तब्येतीचं काय सांगितलंत तुम्ही याला?"

"ताई, तुमच्या भल्यासाठी—"

"माझ्या भल्याचं मला विचारलंत का? मुलगा झाला तरी त्याला काय सांगायचं, कधी सांगायचं, हे मी ठरवीन. कायदासुद्धा तेच म्हणतो. मी तक्रार केली तर काय उत्तर द्याल?"

मंदार म्हणाला, "आई, काकांवर का चिडतेस? रिपोर्ट तर खरा आहे ना!"

"कुठला रिपोर्ट? माझा रिपोर्ट तर माझ्या कपाटात आहे!"

ताईंनी कपाटातून कागद काढला. लॅबचाच, शिक्क्यासकट. शिबिराच्या दुसऱ्याच दिवशी त्या स्कूटरवर जाऊन लॅबला लेखी देऊन आल्या होत्या, की माझं काही कुणाच्या फोनवर पाठवायचं नाही, मी कागद घेऊन जाईन. आणि कागदावर? एकही बाण नाही! ना वर, ना खाली. सगळं कसं पाढ्यासारखं सरळ.

मंदार कागदाकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय. मी म्हटलं, "म्हणजे लॅबने चूक केली! मी आत्ताच्या आत्ता त्यांना—"

"थांबा. फोन द्या इकडे."

ताईंनी फोन डोळ्यांजवळ धरला. वरून खाली वाचलं. पुन्हा वर गेल्या. मग चेहऱ्यावरचा राग एकाएकी उतरला आणि त्या मंदारला शांतपणे म्हणाल्या, "तू बाहेर जा. त्या माणसाला सांग, स्कूटर विकायची नाही. आणि जाताना दार लोटून घे."

मंदार गेला. आम्ही दोघंच. ताईंनी वहीतली चूक दाखवावी तसं स्क्रीनवर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंय?"

"अडुसष्ट. तुमचं वय."

"तुमचं वय किती?"

"अडुसष्टच की."

"बरं. आणि त्याच्यापुढे हे 'एम' कशाचं?"

"ते मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं, ताई. एम म्हणजे मॅडम."

ताई नुसत्या उभ्या राहिल्या. मुलाला गणित आपलं आपण सुटेपर्यंत बाई उभ्या राहतात ना, तशा.

एस. आर. जोशी. श्रीपाद रामचंद्र. अडुसष्ट. एम.

मी मटकन सोफ्यावर बसलो, सुटकेसमधल्या साड्यांवरच. सहा लाल बाण एकदम अंगात घुसले. डोळे, किडनी, हृदय, पाय! आणि मी गेले चार दिवस भुकेने आणि काळजीने काय खात होतो? जेवण जात नाही म्हणून निर्मला आणून देत होती ती जिलबी!

तोंडातून पहिले शब्द काय निघाले असतील? देवाचं नाव? छे!

"ताई, कुणाला सांगू नका हं."

मला वाटलं, आता त्या हसतील, किंवा चार शब्द सुनावतील. त्यांचा हक्कच होता. पण त्यांनी मला पाणी आणून दिलं, समोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "नाही सांगणार. तुमचं तुम्ही सांगा, तुम्हाला वाटेल तेव्हा. फक्त डॉक्टरकडे जायला उशीर करू नका. माझ्या यजमानांनी केला होता."

हे मात्र मला लागलं, मंडळी. इतकी वर्षं शेजारी राहून हे मला माहीत नव्हतं. मी उभा राहिलो आणि हात जोडून माफी मागितली. मनापासून मागितली. त्या म्हणाल्या, "माफ केलं. आता त्या साड्यांवरून तुम्ही उठलात, तसे माझ्या तब्येतीच्या चौकशीवरूनही उठा."

मंदार दोन दिवस राहिला आणि रिकाम्याच सुटकेस घेऊन परत गेला. त्याला ताईंनी एवढंच सांगितलं, की नावात गोंधळ झाला. कुणाच्या, ते नाही सांगितलं.

इकडे माझी काय अवस्था! निर्मला चहा घेऊन समोर बसायची, "काय टेन्शन आहे, बोला तर." आणि मी भिंतीकडे बघायचो. घाबरेल, रडेल, साखरेचा डबा लपवील. दुसऱ्याच्या मुलाला कळवताना जीभ कशी घोड्यासारखी धावली होती, स्वतःच्या बायकोपुढे ती तीन दिवस उठेना. चौथ्या दिवशी फोनच तिच्या हातात ठेवला. तिने वाचलं. 'एम'वर थांबली. "हे तर तुमचं आहे," म्हणाली. एका मिनिटात! जे मला चार दिवसांत कळलं नाही ते!

मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "चला, डॉक्टरकडे."

"मिसरोदमध्ये नको. इथे सगळे ओळखतात. उद्या कॉलनीभर होईल."

म्हणून आम्ही पार तुलसी नगरला एका डॉक्टरकडे गेलो. कुणी ओळखीचं दिसू नये म्हणून मी टोपी कपाळावर ओढली, मफलर नाकापर्यंत गुंडाळला आणि खुर्चीत अंग चोरून बसलो. दवाखाना गच्च भरलेला. आजूबाजूला कुणीही ओळखीचं नाही. जीव भांड्यात पडला.

इतक्यात काउंटरवरच्या बाईंनी कॉम्प्युटरकडे बघत, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात पुकारलं, "वो हाई शुगरवाले जोशीजी कौन हैं?"

सगळ्यांनी माना वळवल्या. मला फार वाईट वाटलं. काय ही पद्धत! पेशंटची काही लाज, काही गुपित? कोण बिचारा आहे ते बघावं म्हणून मीही मान उंच करून सगळीकडे पाहायला लागलो.

शेजारून निर्मलाने कोपरखळी मारली.

"अहो, उठा. तुम्हीच आहात."