हिरवं उखळ

न्या बासिलियाचा स्वतःचा आवाज बारीक, पण तिच्या उखळाचा आवाज दांडगा. आसुन्सिओनच्या बसथांब्यासमोर आंब्याखाली तिची औषधी पाल्याची टपरी होती. गिऱ्हाइकानं पोटाची, डोक्याची नाहीतर बायकोची तक्रार सांगायची; बाईनं पुदिना, सेद्रोन, कोकू असा पाला निवडायचा, लाकडी उखळात कुटायचा आणि त्यानं आणलेल्या बर्फाच्या पाण्यात सोडायचा. त्या पाण्यातला तेरेरे, म्हणजे तिथला गार चहा, पोटात गेल्याशिवाय तिथं कुणी कामाला हात लावत नाही. कुटताना दोन ठोके आत आणि एक काठावर मारायची तिची खोड होती. ठुक ठुक टाक. नवरा गेल्यावर या ठोक्यांवरच तिनं लेकीला, नोएमीला, लहानाचं मोठं केलं. ‘न्या’ ही मानाची हाकही तिनं याच कोपऱ्यावर कमावली.

मग समोर ओवेलार नावाच्या गृहस्थानं काचेचं गारेगार दुकान थाटलं. कुटलेला पाला पाकिटात तयार. घ्या आणि चालू लागा. बासिलियाची रांग रोडावली. कोपरा गेला तर लेकीच्या घरी खुर्चीत बसून दिवस काढावे लागणार, या विचारानंच तिच्या अंगावर काटा आला.

“लोकांना माझ्याकडे ताटकळावं लागतं, तिथंच घोडं अडलंय,” तिनं जाहीर केलं आणि शिलकीतून पाला कुटायचं विजेचं यंत्र आणलं.

“आई, लोक काय नुसत्या पाल्यासाठी थांबतात?” नोएमी म्हणाली. “तुझ्याशी दोन शब्द बोलायला थांबतात.”

“मला धंदा शिकवू नकोस. बोलून पोट भरतं का गं?”

आता ती घरूनच पुड्या बांधून आणू लागली. उखळ टपरीखाली पालथं पडलं. थांबायला नको म्हणून रांग नाही, आणि रांग दिसत नाही म्हणून नवा माणूस वळत नाही. शिवाय यंत्रात पुदिना काळा पडे. पुड्याच घ्यायच्या तर लोक ओवेलारकडेच जात. तिथं निदान गारवा तरी होता. बासिलिया माशा मारत बसे, पण चूक कबूल करील तर ती बासिलिया कसली!

एका दुपारी क्रेसेन्सियोची बस टपरीसमोरच पंक्चर झाली. हा जुना ड्रायव्हर खाली उतरला, बासिलियाला बघून दचकला आणि त्यानं छातीवर क्रूस काढला.

“अगं आई गं! न्या, तुम्ही जिवंत आहात?”

“का? तुझ्या बसखाली यायची राहिले म्हणून विचारतोस?”

“तसं नाही हो! तुमची ठुक ठुक ऐकली की मी गाडी थांबवायचो. ठोके बंद झाले, मला वाटलं गेलात. मग टपरीकडे बघवेना. देवळात तुमच्या नावानं मेणबत्ती लावली मी!”

“बरं केलंस. आणि मी मेल्यावर तेरेरेचा पाला कुणाकडून घेत होतास?”

क्रेसेन्सियोनं मान खाली घातली आणि हळूच काचेच्या दुकानाकडे पाहिलं.

बासिलियाला आधी हसू फुटलं, मग डोळे भरून आले. आपली जाहिरात आपणच बंद करून बसलो, आणि तीही फुकटची! तिनं उखळ ओढून काढलं, धुतलं आणि असा पहिला ठोका हाणला की आंब्यावरचे पोपट उडाले.

रांग परत आली. “तुझं खरं होतं गं,” ती नोएमीला म्हणाली; एवढं बोलायला तिला बरेच दिवस लागले. यंत्र तिनं लेकीलाच दिलं. नोएमी त्यात मका दळून चिपा, म्हणजे चीज घातलेले गरम पाव, भाजू लागली. थांबलेल्या माणसाला भूक लागतेच, हे मायलेकींच्या आता ध्यानात आलं होतं.

ओवेलारही काही दुधखुळा नव्हता. त्यानं दारावर भोंगा बसवला आणि त्यातून उखळाचा आवाज लावून दिला. ठुक ठुक टाक!

“आई, तुझे ठोके चोरले मेल्यानं!” नोएमी पेटली.

“गप गं. बघ तरी.”

बसमधून उतरणारी माणसं आवाज ऐकत आणि सवयीनं आंब्याकडे बघत. तिथं मुसळ उगारून बासिलिया उभी! काचेकडे कुणाची मानसुद्धा वळेना. ओवेलार जसजसा आवाज वाढवी, तसतशी पलीकडच्या गल्लीतली माणसंही बासिलियाकडे येऊ लागली. त्या उन्हाळ्यात बाईचं उखळ पांढरं झालं, म्हणजे दिवसभर हिरवंगारच राहिलं.

शेवटी ओवेलार स्वतःच पाण्याचा थर्मास घेऊन रस्ता ओलांडून आला.

“न्या, तो भोंगा बंद करू का मी?”

“छे, छे! वीज तुमची, हात माझे. थोडा मोठाच करा.”

“पोटात आग पडलीय हो माझ्या.”

“दिसतंच आहे,” बासिलिया म्हणाली. “पुदिना जास्त घालीन. पण आधी रांगेत उभे राहा.”

आणि ओवेलार मुकाट्यानं नोएमीकडून एक चिपा घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.