मास्कमागची कॅचर

भर दुपारी मी घरी कशी, असंच ना? सांगते. चहा टाका आधी. आता काय सांगू तुम्हाला, माणसानं माती खावी, पण इतकी? आणि तीही स्वतःच्या हातानं कालवून!

खेळाडू पारखण्यात माझा हात धरणारं अमरावतीत कोणी नाही, असं मी वर्षानुवर्षं सांगत फिरले. नुसतं चालणं पाहून पोरगी कुठल्या जागी खेळेल ते सांगते म्हणे! लोक ऐकूनही घ्यायचे बिचारे.

मी एका कॉलेजात शारीरिक शिक्षणाची मॅडम होते. तासिका तत्त्वावर. म्हणजे नोकरी दर वर्षी नव्यानं जन्माला येते आणि परीक्षा आल्या की मरते. मुलींचा बेसबॉल संघ माझ्याकडे. दरवर्षी आम्ही फायनलला पोचायचो आणि अकोल्याचं एक कॉलेज आम्हाला धुऊन वाळत घालायचं. मागच्या वेळी हरल्यावर प्राचार्य म्हणाले, "मॅडम, आता पुन्हा अकोल्याकडून हरलात तर पुढच्या वर्षी येऊ नका." एरवी साधी रजा द्यायची तरी हा माणूस अर्धा तास प्रस्तावना करतो!

हरण्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. आमची कॅचर. बेसबॉलमध्ये समोरची पोरगी पहिल्या बेसवरून डोळा चुकवून दुसऱ्यावर पळते. बॅटवालीच्या मागे मास्क लावून बसलेल्या कॅचरनं जागेवरूनच चेंडू असा फेकायचा, की ती पोचायच्या आत चेंडू तिथं हजर. आमच्या कॅचरचा चेंडू टप्पे खात, वाटेत चौकशी करत जायचा. पण ती संस्थेच्या अध्यक्षांची भाची. तिला काढायची माझी काय बिशाद?

तिच्यामागे बदली कॅचर होती रुबिना. नांदगाव खंडेश्वरची, रोज एसटीनं यायची. बॅटा उचलायची, पाणी भरायची आणि दर मॅचला विचारायची, "मॅडम, आज मी?" मी म्हणायचे, "बघू." सरावातसुद्धा कॅचरचा मास्क भाचीच्या तोंडावर आणि रुबिना सीमेपलीकडे चेंडू शोधायला. त्या "बघू"त तिची दोन वर्षं गेली.

यंदा भाची पास होऊन गेली. देव पावला! रुबिना लगेच दारात. "मॅडम, आता तं मी?"

"तू? तू बदली आहेस गं," मी म्हटलं. "मला खरी कॅचर पाहिजे."

घर की मुर्गी दाल बराबर, दुसरं काय?

आणि खरी कॅचर मला दिसली! नांदगावलाच, शाळांच्या उन्हाळी सामन्यात. मास्क लावून बसलेली एक पोरगी. समोरची पळाली, हिनं गुडघ्यावरूनच हात फिरवला, चेंडू सुतासारखा सरळ! बाद! पुन्हा एक पळाली. पुन्हा बाद! मी खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवल्या. मास्क माझ्याकडे वळला, क्षणभर थांबला. मला वाटलं, पोरगी भारावली.

शाळेच्या वानखडे सरांना विचारलं, "कोण हो ती?"

सरांनी हातातल्या यादीवरून बोट फिरवलं. "ते? ते... आरती. बारावी झाली हाय यंदा."

मी खाली उतरेपर्यंत पोरगी गायब. मास्कसकट! म्हटलं, काय हे खेळावरचं प्रेम, घरीही मास्क काढत नाही!

दुसऱ्याच दिवशी वानखडे सरांना घेऊन आरतीच्या घरी. बघते तर ओसरीवर अकोल्याच्या त्याच कॉलेजच्या कोच देशमुख मॅडम आधीच पोहे खात बसलेल्या! पार अकोल्याच्या जठारपेठेतून एवढ्या सकाळी नांदगाव गाठलं होतं बाईनं. माझं रक्त असं उसळलं, की मी बसायच्या आधीच बोलले, "हॉस्टेल आमचं, फी माफ, बूट आमचे!"

आरती दाराआडून म्हणाली, "मॅडम, मले कॅचिंग येतच नाई."

"लाजते हो ते," तिची आई म्हणाली. "घरी भाकरी जमली तरी म्हन्ते, मले येत नाई."

"खरंच मॅडम! काल ते मी नव्हतीच!"

वानखडे सरांना जोराचा ठसका लागला. "मैदानात उतरली की वेगळीच होते पोट्टी! सोताले वळखत नाई!"

आणि मी? मी डोळे पुसले हो! म्हटलं, इतका विनय आजकाल कुठे बघायला मिळतो?

देशमुख मॅडमनी मात्र आरतीचा हात हातात घेतला. बोटं पाहिली. लांब नखं, त्यांवर गुलाबी नेलपॉलिश. मग उठून पदर झटकला. "न्या बाई, तुमीच न्या. तुमच्याच नशिबात हाय." आणि वानखडे सरांना बाजूला घेऊन काहीतरी विचारत निघून गेल्या.

चेंडू खाऊन खाऊन कॅचरची बोटं सुजलेली असतात, हे मी दरवर्षी पोरींना शिकवते. त्या दिवशी मी काय म्हणाले? "हात किती नाजूक आहेत!"

महिन्याभरात रुबिना आली. "मॅडम, मी अकोल्याच्या कॉलेजात जाऊन राहिली. तुमची सही पायजे." मी विचारलंसुद्धा नाही, कशाला. सही ठोकली. वर म्हटलं, "जा बाई, आरतीला जागा झाली." जाताना ती बॅटा नीट रचून गेली.

आरतीचं काय झालं विचारू नका. चेंडू आला की ती डोळे मिटून मान फिरवायची. मी म्हटलं, नजर कमजोर असेल, चष्मा लावला. म्हटलं, अशक्त असेल, शेंगदाण्याचे लाडू चारले. पोरगी गोलमटोल झाली, चेंडू मागच्या मागे जातच राहिले. "मॅडम, मी तुमाले पयलेच सांगतलं होतं," रडत म्हणायची. मी म्हणायचे, "आत्मविश्वास वाढव!"

फायनल अकोल्यात. आमची सगळ्यात वेगवान पोरगी दुसऱ्या बेसकडे पळाली. अकोल्याच्या कॅचरनं गुडघ्यावरूनच हात फिरवला. चेंडू सुतासारखा सरळ.

तो हात मी ओळखला! खुर्चीवर चढले आणि टाळ्या वाजवल्या. आमच्याच पोरीला बाद केलं म्हणून! शेजारी प्राचार्य बसले होते. त्यांचं तोंड मी अजून विसरले नाही.

आम्ही हरलो. किती वाईट, ते नका विचारू. सामना संपला, कॅचरनं मास्क काढला. रुबिना.

तोंड लपवावं तर मास्कही आपला नाही! देशमुख मॅडम आल्या, खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "नजर तुमचीच वो मॅडम! पोट्टी तुमी निवडली, म्या फक्त उचलून आनली."

रुबिना वाकली. पाया पडायला आलेली पोर, आणि मला राग आला तिचाच. खोटं कशाला बोलू?

"नांदगावला आरतीच्या नावावर तूच खेळलीस?"

"हो मॅडम. वानखडे सर म्हनले, एक मॅच काढून दे, मास्कात कोन पायते? तुमाले खेळू तरी द्या म्हनून किती खेपा विचारलं होतं. तं म्हनलं, तिथंच खेळून घेऊ." मग जराशी हसली. "तुमी टाळ्या वाजवल्या तवा मले वाटलं, वळखलं मॅडमनं. रातभर झोप नाई आली मले खुशीनं."

"अगं पण दोन वर्षं माझ्यासमोर होतीस. मी तुला ओळखलं कसं नाही?"

ती मास्क पुसत होती. खालमानेनंच बोलली.

"कशा वळखसान, मॅडम? तुमच्याकडं मले मास्क घालाले भेटलाच कुठी?"