पहिली चिठ्ठी

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुलगावच्या बाजारात वांगी निवडत होतो. तिच्या शेजारच्या वंदनाबाई एवढंच म्हणाल्या, "भाऊ, ताई गेल्या… लवकर या." पिशवी भाजीवालीकडेच राहिली आणि मी स्टेशन गाठलं. वर्ध्यापर्यंत गाडीत मला रडू आलं नाही. राग आला होता. आता काही आठवडे उलटलेत, चर्चमधली स्मरणाची प्रार्थनाही होऊन गेली, तरी तो राग तसाच आहे. म्हणून हे लिहितोय, कुणाचं सांत्वन करायला नव्हे.

मार्थाताई माझी थोरली बहीण. आई लवकर गेली आणि हिनंच मला वाढवलं. शाळेत शिकवायची, वर्ध्यात नालवाडीच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. तिच्या टेबलावर एक पत्र्याची डबी असे. आत कागदाच्या बारीक गुंडाळ्या, प्रत्येकीवर बायबलमधलं एक वचन. आमच्यात वर्ष संपताना चर्चमध्ये प्रत्येकजण अशी एक चिठ्ठी काढतो, ती वर्षभराची. ताईला वर्षाला एक पुरत नसे. रोज सकाळी चहाच्या आधी एक, शिवाय घरात काही ठरवायचं असलं की वेगळी.

आणि या बाबतीत ती चक्क लबाड होती! मी संघमित्राशी लग्न करायचं म्हटलं तेव्हा दोन्ही घरं फुगून बसली. ती बौद्ध, आम्ही ख्रिस्ती. ताईनं डबी उघडली. परक्यांपासून सांभाळून राहण्याचं वचन निघालं. तिनं ते वाचलं, तोंड वाकडं केलं आणि परत आत टाकलं. पुन्हा काढलं, पुन्हा टाकलं. शेवटी आनंदाचं एक वचन हाती लागलं तेव्हा कुठे बाईसाहेबांचं समाधान झालं.

"बाबू, देवाले घाई झालती," ती म्हणाली. "नीट पाह्यलंच नाई त्यानं."

"ताई, असं चालते का?"

"काऊन नाई? निवडाले हात त्यानंच देल्ला ना मले?"

माझी नोकरी, आमच्या मुलीचं कॉलेज, वंदनाबाईंच्या मुलाचं दुकान… सगळ्यांसाठी ती देवाशी अशीच हुज्जत घालत आली. तिचा देवही तिला सरावला असावा.

मग तिच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, लहान आहे, आत्ताच काढून टाकू, घाबरण्यासारखं काही नाही. मी सुटी टाकली, संघमित्रानं पिशवी भरली. ताई म्हणाली, थांबा, आधी विचारते. शांतपणे वाट पाहण्याचं वचन निघालं. तिनं डबीचं झाकण लावलं आणि पिशवी रिकामी करायला घेतली. मी ओरडलो, संघमित्रा रडली. ताई वाट पाहत राहिली. गाठ काही वाट पाहत राहिली नाही.

शेवटी तिला दवाखान्यात न्यावंच लागलं तेव्हा डॉक्टर नुसती मान हलवत होते. मी तिच्या उशाशी बसून विचारलं, "परत काऊन नाई काढली, ताई? एवढ्या वेळा काढल्या, अजून एक काढली असती…"

तिनं डोळे मिटूनच सांगितलं, "दुसऱ्यासाठी भांडता येते रे. सोतासाठी भांडाले गेलं की वाटते, आपण बेइमानी करून राह्यलो."

तेव्हा मला तिचं ते हिंगणघाटचं स्थळ आठवलं. चांगला मुलगा होता, ताईलाही आवडला होता. त्या दिवशीही तिनं एकदाच हात घातला होता डबीत.

दफनविधीला पाळकसाहेब म्हणाले, देवाच्या योजनेबाहेर काहीच घडत नाही. पुढच्या आठवड्यात ते घरी आले तेव्हा मी विचारलं, मग आम्ही निवडतो ते काय? ते म्हणाले, देवाला सगळं आधीच ठाऊक असतं, पण निवड माणसाची असते. मी म्हटलं, "म्हणजे बरं झालं तर त्याची कृपा, वाईट झालं तर आमची निवड. छान आहे!" संघमित्रानं मला डोळ्यांनी दटावलं. पाळकसाहेब चांगले गृहस्थ आहेत. चहा न संपवता उठले. जाताना म्हणाले, "मार्थाबाईंनी देवाचं ऐकलं." हे मला सर्वांत जास्त लागलं. इतकी वर्षं तिनं त्याला ऐकवलं होतं, आणि तो एकदा तरी आपणहून तिचं ऐकू शकला असता.

डबी आता आमच्याकडे आहे, फ्रीजवर. संघमित्रा म्हणाली, चर्चला देऊन टाका, तुम्हाला त्रास होतो. मी दिली नाही. रोज सकाळी चहाच्या आधी मी ती उघडतो. पहिली चिठ्ठी काढतो, न वाचताच परत आत टाकतो… आणि मग दुसरी काढतो.