मुद्दाम चुकलेल्या काहिली

चौफुल्याच्या थांब्यावर शिरूरच्या एसटीची वाट बघत आम्ही दोघं होतो. आप्पा, म्हणजे माझे वडील, माझ्या पत्र्याच्या पेटीवर बसलेले आणि मी बाजूला उभा. आयटीआयचे प्रवेश त्या वर्षी लांबले होते. दिवाळी तोंडावर आली होती आणि खुटबावचं आमचं गुऱ्हाळ नुकतंच पेटलं होतं. आप्पांच्या धोतराला उसाच्या चिपाडाचा भुसा चिकटलेला होता. धाकटा भाऊ अंकुश मला सोडायला आला नव्हता. तो काहिलीपाशी होता. त्याला तिथून उठता येणार नव्हतं आणि ते का, हे त्या थांब्यावर फक्त मला माहीत होतं. निदान मी तसं समजत होतो.

एसटी आली. आप्पांनी पेटी टपावर चढवली, खाली उतरले आणि म्हणाले, "तिकडं तरी नीट लक्ष दे."

बास, एवढंच. आईनं आदल्या दिवशी बरंच सांगितलं होतं, मामांच्या घरी कसं वागायचं, मामीला काम कसं पडू द्यायचं नाही. ते सगळं मी विसरलो. 'तिकडं तरी' हे दोन शब्द मात्र पारगावचा पूल ओलांडून माझ्याबरोबर आले.

लोक समुद्र ओलांडून जातात आणि मग घर सोडल्याच्या आठवणी लिहितात. मी भीमा ओलांडली. दौंड तालुक्यातून शिरूर तालुक्यात गेलो. दोन तासांचा रस्ता. आता स्वतःच्या गाडीनं त्याहूनही कमी. तरीसुद्धा मी तो इतका लांब करून ठेवला की माझ्या मुलांना खुटबाव म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं एक गाव वाटायचं. तुमच्यापैकी जे गुऱ्हाळापाशी राहिले आणि जे माझ्यासारखे कुठल्या तरी कंपनीच्या गेटातून आत गेले, त्या दोघांनाही हे सांगायचंय. इतकी वर्षं सांगितलं नाही, कारण सांगायचं म्हणजे आधी कबूल करावं लागणार होतं.

ज्यांनी गुऱ्हाळ बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. उसाचा रस मोठ्या काहिलीत, म्हणजे पसरट कढईत, आटवतात. खाली चुलवणात चिपाड जळत असतं. रस आटत आटत पाक होतो, आणि एक क्षण असा येतो की काहील तेव्हाच उतरवायची. आधी उतरवली तर गूळ मऊ राहतो, धरत नाही. नंतर उतरवली तर काळा पडतो, कडू लागतो. हा क्षण ओळखणारा माणूस म्हणजे गुळव्या. बुडबुडा कसा फुटतो, फेस कसा बसतो, वास कसा बदलतो, हे बघून तो म्हणतो, "झालं." मग चार माणसं काहील उचलून वाफ्यात, म्हणजे पाक गार करायच्या उथळ हौदात, ओततात. गुऱ्हाळाचं सगळं त्या एका शब्दावर असतं.

आमच्याकडं पगारी गुळव्या होता, पण ऐन हंगामात दुसरा गुऱ्हाळवाला त्याला फोडून न्यायचा आणि मग आप्पांना स्वतः बसावं लागायचं. म्हणून आमच्या भागात रीतच होती, घरातला एक मुलगा काहिलीवर तयार करायचा. एक काहिलीवर आणि दुसरा शिकायला. कोण कुठं, हे मार्कांवर ठरायचं नाही. नजर कुणाला आहे त्यावर ठरायचं. मी बारावीला आणि अंकुश दहावीला असताना आप्पांनी आम्हां दोघांना हंगामभर काहिलीच्या कडेला बसवलं.

नजर मला होती.

हे वाक्य लिहायला मला तीस वर्षं लागली. थोड्याच दिवसांत मला पाक दिसायला लागला. कसा, ते सांगता येत नाही. बुडबुडे मोठे होऊन सावकाश फुटायला लागले की छातीत काहीतरी थांबल्यासारखं व्हायचं आणि कळायचं, आता. पण मी बोलायचो नाही. आप्पांनी विचारलं की म्हणायचो, "अजून न्हाई." दर वेळी उशीर करायचो. गुळव्या ओरडून काहील सावरायचा, तरी गूळ काळसर व्हायचा. आणि अंकुशची पाळी असली की मी त्याच्या शेजारी बसून वेळेवर गुडघा लावायचो. गुडघा लागला की तो म्हणायचा, "झालं!" त्याला मी सांगून ठेवलं होतं की आप्पांसमोर माझी जीभ अडकते, तू बोल. हंगाम संपता संपता आप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, "धाकट्याला नजर हाय."

का केलं? शिकायची फार ओढ होती असं म्हटलं तर बरं दिसेल, पण ते खरं नाही. मामांच्या लग्नात आप्पा अक्षता पडून गेल्यावर मांडवात पोचले होते, कारण काहील पेटलेली होती. अंगावर तेच कपडे होते. ज्याला नजर आहे तो जागचा हलू शकत नाही, हे मला लवकर कळलं होतं. मला हलायचं होतं. आणि अंकुश गणितात माझ्यापेक्षा कितीतरी पुढं होता. गुरुजी आमच्या ओट्यावर येऊन आप्पांना सांगून गेले होते, "ह्याला थांबवू नका." तो थांबला. दहावीनंतर थेट काहिलीवर.

मी निमोण्याला मामांकडं राहिलो. मामांच्या रानात तेव्हा ज्वारी आणि कांदा. आमच्या कालव्याच्या गावातून आलेल्या मला विहिरीच्या तळाशी दिसणारं पाणी बघून भीती वाटायची. मामा चिडवायचे, "काय भाचे, उसाच्या फडातलं पाखरू वाळवंटात आलं जनू!" आयटीआयला फिटर झालो, पुढं रांजणगावच्या एमआयडीसीत लागलो. लाइनवर होतो, सुपरवायझर झालो आणि गेली काही वर्षं ट्रेनिंग डिपार्टमेंटला आहे. भिंतीवर स्किल मॅट्रिक्स लावलेली असते. प्रत्येक कामगाराच्या नावापुढं गोल आणि त्या गोलाचा किती भाग काळा करायचा ते मी ठरवतो. कुणाला काय येतं, कुणाला काय शिकवावं, कुणाला कुठं बसवावं. देवाला विनोद करायचाच होता, तर याहून चांगला सुचला नसता.

गावाला मी जायचो, पण उन्हाळ्यात, चुलवण विझल्यावर. बायको विचारायची, गुऱ्हाळ चालू असताना का जात नाही? मी म्हणायचो, धुरानं मला दम लागतो. हळूहळू ते सगळ्यांनी खरं धरलं. आप्पा गेले तेही पावसाळ्यात. म्हणजे त्यांच्या हयातीत मी पेटलेल्या काहिलीपाशी पुन्हा कधी उभा राहिलो नाही.

मग गेल्या वर्षी मुन्ना आला. बिहारकडचा, पॅकिंगला होता. हात फार चांगला, म्हणून मी त्याला वेल्डिंगच्या ट्रेनिंगला घेतलं. दर चाचणीत नापास. जोड सुंदर यायचा आणि शेवटच्या बोटभर जागेत नेमका बिघडायचा. "सर, हमसे नहीं होगा," असं म्हणून मान खाली. माझ्या हाताखालचा म्हणाला, सोडा सर, त्याच्यात नाही ते. मी मुन्नाचे सगळे तुकडे टेबलावर ओळीनं मांडले आणि पुन्हा पुन्हा बघितले. ज्याला येत नाही तो दर वेळी वेगळं चुकतो. हा एकच चूक नीट करत होता.

मी दार लावून घेतलं. "मुन्ना, तुझे आता है. छुपा क्यों रहा है?"

तो म्हणाला, "सर, वेल्डिंग में गए तो शिफ्ट बदल जाएगी. बीवी भी काम पे जाती है. बच्ची को कौन देखेगा?"

एवढंच होतं. मी साहेबांशी बोलून त्याची शिफ्ट आहे तीच ठेवून घेतली आणि पुढच्या चाचणीत तो पास झाला. जाताना त्यानं हसून विचारलं, "सर, आपको पता कैसे चला?"

त्याच रविवारी सकाळी मी गाडी काढली. ऐन हंगाम होता. न्हावऱ्याच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो तेव्हा वाटलं, बरं झालं, अजून थोडा वेळ मिळाला.

गुऱ्हाळापाशी गाडी थांबवली तर अंकुश काहिलीच्या कडेला बसलेला. डोक्याला टॉवेल, केस माझ्याहून पांढरे. मला बघून तो उठला नाही. उठता येत नव्हतं.

"दादा? आन् धूर?" तो म्हणाला. "दम लागंल ना तुला. तिकडं लांब बस."

मी त्याच्या शेजारीच बसलो. रस नुकताच ओतला होता, वेळ होता. खाली चिपाड सारणारा माणूस आणि ऊस पिळणाऱ्या चरकाचा आवाज, त्यामुळं हळू बोलून चालण्यासारखं नव्हतं. मी जवळजवळ ओरडूनच सांगितलं. की मला कळायचं, की मी मुद्दाम चुकायचो, की तुला गुडघा लावून मी तुला इथं अडकवलं, गुरुजी काय म्हणाले होते ते ठाऊक असूनही. बोलताना मी काहिलीकडंच बघत होतो.

अंकुशनं फावड्यानं कडेचा फेस सारखा केला. मग म्हणाला, "झालं तुझं बोलून?"

"झालं."

"मी काय खुळा होतो का? तुझा गुडघा बरोबर वेळंला लागायचा, आन् तुझी पाळी आली की म्हनं अजून न्हाई! जीभ अडकती म्हनं. ती तर कधी अडकल्याली मी बघितली न्हाई."

तो पुढं बोलत राहिला. मी गेल्यावर पहिल्या आठवड्यातच त्यानं काहिली घालवल्या. एक मऊ, एक काळी, पुन्हा मऊ. शेवटी रडत आप्पांना सांगितलं की मला नजर नाही, ती दादाची होती.

"आप्पा काय म्हणाले?"

"म्हणले, मला ठाव हाय. थोरला मुद्दाम चुकतोय ते मला तवाच दिसलं. त्याला बसायचं न्हाई, त्याला बळंच बसवून काय करू? पण तुला बसायचंय का, ते तू सांग. न्हाई म्हणलास तर तूबी जा, मी पगारी गुळव्या बघतो."

"मग?"

"मग काय, मी व्हय म्हणलो." तो हसला. "मला हितं आवडायचं, दादा. इतकी माणसं येतात, जातात, रस पितात, चार गप्पा मारतात. तुला एकट्याला कंटाळा होता त्याचा. नजर काय, आली हळूहळू. आप्पांनी पुष्कळ काहिली घालवू दिल्या. एका शब्दानं बोलले न्हाईत."

मी विचारलं, गणिताचं कधी वाटलं नाही का?

तो म्हणाला, "वाटलं कवातरी. न्हाई असं न्हाई. पर त्याचा राग न्हाई तुझ्यावर. राग येगळाच हाय." आता तो माझ्याकडं बघत होता. "इतकी वर्सं तू हंगामात आला न्हाईस. मला वाटायचं, आमच्या धुराची लाज वाटती तुला. आप्पा दर साली म्हणायचे, थोरला येईल, आला तर त्याला कुणी काय बोलू नका. ते तेवढं राहून गेलं बघ."

तेव्हा मी रडलो. धुराच्या निमित्तानं ते लपलं असतं, पण मी लपवलं नाही. वाईट तर वाटलंच. आप्पांचं ते वाट बघणं आता कशानं भरून येणार नाही. पण खरं सांगतो, त्या रडण्यात सुटल्याचाच भाग मोठा होता. मी समजत होतो की बापाला फसवून पळालो. बापानं तर मला ओळखून सोडलं होतं. आणि भावाचं आयुष्य मी ठरवलं नव्हतं. त्याला कुणीतरी विचारलं होतं. कुणाला काय येतं हे मी पुढं खूप बघितलं, माझी नोकरीच ती आहे. पण तुला बसायचंय का, हा प्रश्न मी मुन्नापर्यंत कुणालाच विचारला नव्हता. आता प्रत्येकाला आधी तोच विचारतो. गोल नंतर काळे करतो.

पाक दाटायला लागला. अंकुश जरा मागं सरकून बसला आणि म्हणाला, "सांग."

"मी? अरे, तीस वर्षं झाली."

"सांग म्हणतो ना."

बुडबुडे मोठे झाले. मी वाट बघितली. छातीत ते काहीतरी थांबणं आलं की नाही, मला नक्की कळेना. वास बदलल्यासारखा वाटला. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्यानं म्हणालो, "झालं!"

चारही माणसं अंकुशकडं बघायला लागली. तो ओरडला, "माझ्याकडं काय बघता? थोरला मालक झालं म्हणतोय न्हवं? उतरवा!"

काहील वाफ्यात ओतली. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. थोड्या वेळानं अंकुशनं बोटानं कडेला दाबून बघितलं. बोट आत गेलं. मऊ होता. मी घाई केली होती.

त्यानं बोट चाटलं आणि तिरक्या नजरेनं माझ्याकडं बघितलं. "का वो थोरले, परत मुद्दाम का?"

"नाही रे," मी म्हणालो, "या वेळी खरंच चुकलो."

खालचा जाळ घालणारा माणूससुद्धा हसायला लागला. अंकुश हसता हसता खोकला आणि पुढच्या रसासाठी हाक मारली. मी तिथंच बसून राहिलो, संध्याकाळपर्यंत. आता हंगामात जमेल त्या रविवारी जातो. शिरूरला माझा फ्लॅट आहे, त्याचे हप्ते मी फेडलेत, मुलं तिथं वाढली. ते माझंच आहे आणि मला आवडतं. पण निघताना बायकोनं विचारलं, कुठं चाललात, की मी आता गावाला म्हणत नाही. घरी चाललोय म्हणतो. तिथं मला खरंखुरं चुकता येतं.