दोन नावांची फर्माइश

"सेट खराब आहे, गजू. तू कबूल काऊन करत नाई बे?"

श्रीपतराव खोडके पलंगावरून ओरडले तेव्हा मी त्यांच्या रेडिओचं मागचं झाकण काढून, हातात मीटर घेऊन उभा होतो. त्या महिन्यातली ही माझी चौथी फेरी. व्हॉल्व्ह तपासून झाले होते. कॉइली तपासून झाल्या होत्या. माडीवर नवी जाळीची एरियल ताणली होती. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून दोन बादल्या पाणीसुद्धा ओतलं होतं. सेट ठणठणीत होता.

"काका, सेटमंधी काईच नाई. स्टेशनच कमजोर झालं."

"स्टेशन कमजोर होत नसते. मेकॅनिक कमजोर होते."

दुसऱ्या कोणी असं ऐकवलं असतं तर झाकण तिथंच टाकून मी घरी गेलो असतो. मी काही गोड बोलणारा माणूस नाही, खामगावात कोणालाही विचारा. पण श्रीपतरावांची गोष्ट वेगळी. ते जिनिंग फॅक्टरीत हेडक्लार्क होते. मी नवा नवा शिकत होतो, कोणी मला आपल्या रेडिओला हात लावू देत नव्हतं, तेव्हा त्यांनी आपला सेट माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "खोल. बिघडला तं बिघडला." अशा माणसाला उलटून कसं बोलणार?

आता स्टेशनचं सांगतो. समुद्रापलीकडून शॉर्टवेव्हवर हिंदी सिनेमाची गाणी लावणारं ते स्टेशन. नाव सांगत नाही, त्या काळात ज्यानं सकाळी रेडिओ ऐकला त्याला ठाऊक आहे. शॉर्टवेव्ह म्हणजे काय, तर लहरी वर आभाळात जाऊन आदळतात आणि दूरवर खाली येतात. म्हणून हजार मैलांवरचं गाणं आमच्या वऱ्हाडात ऐकू यायचं. पण त्याचा भरवसा नाही. आवाज येतो, जातो, पुन्हा येतो. त्याला आम्ही फेडिंग म्हणतो. तिकडचं मशीनच म्हातारं झालं, त्याची ताकद उतरली, तर इकडे फक्त खरखर उरते. मग मेकॅनिकनं कितीही जीव काढला तरी तो फार तर खरखर स्वच्छ ऐकवू शकतो.

श्रीपतरावांना गाण्यांपेक्षा नावांचं वेड होतं. पोस्टकार्डावर फर्माइश लिहून पाठवायची आणि गाण्याआधी आपलं नाव, आपलं गाव ऐकायचं. त्यांनी रेडिओ श्रोता संघ काढला होता. सकाळी साडेसातला त्यांच्या ओट्यावर बसायला जागा मिळत नसे. "खामगाव से" एवढे शब्द आले की माणसं अशी ओरडायची की पुढचं नाव ऐकू येऊ नये.

एकदा त्यांच्या नावापाठोपाठ त्याच गाण्यासाठी मध्य प्रदेशातल्या हरद्याच्या कोणा रामभरोस सोनीचं नाव आलं. यांनी लगेच कार्ड टाकलं. पत्ता काय, तर 'रामभरोस सोनी, रेडियो सुननेवाले, हरदा'. पोचलं की राव! तेव्हापासून दोघांचा शिरस्ता पडला. खामगावहून कार्ड गेलं तरी त्यावर दोघांची नावं, हरद्याहून गेलं तरी दोघांची. सोळा वर्षं हे चाललं. भेट एकदाही नाही. हरदा काही लंडन नव्हे, अर्ध्या दिवसाचा रेल्वेचा प्रवास. पण "पुढच्या साली जाऊ" म्हणता म्हणता राहून गेलं.

मग टू-इन-वन आले. एकाच डब्यात रेडिओ आणि टेप. गल्फला गेलेल्यांनी आणले, मग बाजारात आले. लोकांनी रेडिओचा काटा सोडला आणि टेपचं बटण धरलं. यात मी मागे नव्हतो, खोटं कशाला बोलू? माझ्याच दुकानावर 'रेडिओ दुरुस्ती'च्या खाली 'कॅसेट भरून मिळेल' अशी पाटी होती. लोक बारा गाण्यांची यादी घेऊन यायचे. मी रेकॉर्डवरून टेप भरून द्यायचो. संघाचे सगळे मेंबर एकेक करून माझ्याकडून कॅसेट भरून घेऊन गेले आणि श्रीपतरावांच्या ओट्यावर यायचे बंद झाले.

श्रीपतराव मला म्हणायचे, "आपलीच फर्माइश आपुनच पुरी करा लागली, तं मजा कायची बे? वाट पाह्यली नाई, कोनाचं नाव आयकलं नाई. मंग गानं कायले आयकता?"

मी हसायचो. मला यादी भरायची घाई असायची.

त्यातच ते न्हाणीत पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. अकोल्याला ऑपरेशन झालं, महिना-दीड महिना तिकडेच. घरी आले ते पलंगावरच. डोकं शाबूत, हात शाबूत, पण उठता येईना. सेट समोरच्या फळीवर. सून सुमन तो लावून द्यायची. आणि सकाळी साडेसातला नुसती खरखर.

त्यांचं ओरडणं रेडिओसाठी आहे असं मला वाटत होतं. चौथ्या फेरीत खरं कारण निघालं.

"रामभरोसचं पत्र नाई, गजू. मी दवाखान्यात होतो तवापासून नाई. दोन कार्डं टाकली, जबाब नाई. पत्राचा तो आळशीच आहे. पन फर्माइश धाडल्याबिगर तो राहनार नाई. त्यात माहं नाव टाकल्याबिगर तं राहनारच नाई. तिकडं आमची नावं येत असतीन, अन् हा डबा पकडून नाई राह्यला. समजलं तुले? एक डाव नाव आयकू दे. मंग फेकून दे सेट."

त्यांचे डोळे भरले होते. मी झाकण लावलं आणि बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा प्रकाश दुकानात आला. शाळेत मास्तर, सरळ माणूस. काउंटरवर बोटं वाजवत उभा राहिला.

"गजूभाऊ, बाबा जेवत नाईत. दिवसभर त्या सेटकडं पाहून राह्यतात. तुमी असं करा न, आत एखादा टेप बसवून द्या. त्यायले वाटन स्टेशन लागलं."

"हे असले धंदे मी करत नाई, प्रकाश."

"मंग त्यायले असंच जाऊ द्यायचं का?"

मी नाही म्हणालो. संध्याकाळपर्यंत नाहीच म्हणत होतो. पण आमच्या लाइनमधल्या माणसाच्या डोक्यात एकदा 'कसं जमेल' हे आलं की 'करावं का' हे मागे पडतं. जुन्या व्हॉल्व्ह सेटच्या मागे ग्रामोफोन जोडायला दोन भोकं असतात. तिथं छोटा टेपरेकॉर्डर जोडला आणि कॅबिनेटच्या आतच लपवला, तर आवाज त्याच स्पीकरमधून, त्याच घुमाऱ्यासकट येणार. सुमननं मागं हात घालून बटण दाबायचं, बस.

मी पुरता पेटलो. नुसती गाणी भरली असती तर श्रीपतरावांनी एका मिनिटात ओळखलं असतं. म्हणून शॉर्टवेव्हची खरखर वेगळी रेकॉर्ड केली आणि गाण्याखाली मिसळली. मधेच आवाज खाली नेला, पुन्हा वर आणला, फेडिंगसारखा. निवेदनाला रशीद मास्तर धरले. मुशायऱ्यात सूत्रसंचालन करायचे, काय गळा होता! त्यांना गावोगावची नावं लिहून दिली. सगळ्यात शेवटी माझ्या हातानं लिहिलं: खामगाव से श्रीपतराव खोडके, हरदा से रामभरोस सोनी. श्रीपतरावांना हवं ते हेच तर होतं. प्रकाशला मी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, असं वाटलं.

तीन दिवसांनी सकाळी आम्ही ते लावलं. मी सेटजवळ स्क्रूड्रायव्हर घेऊन ट्यूनिंगचं सोंग करत होतो. खरखर आली, गाणं आलं. श्रीपतराव उशीवरून मान उचलून ऐकू लागले. आणि मग रशीद मास्तरांचा आवाज: "हरदा से रामभरोस सोनी..."

"आयकलं!" श्रीपतराव ओरडले. "आयकलं का सुमन? जित्ता आहे लेकाचा! मी म्हनलं नोतं? गजू, इकडं ये, इकडं ये बे!" माझा हात धरून ते लहान पोरासारखे हसत होते. त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या म्हणे. आणि मी? मी फुगलो. असं काम अख्ख्या जिल्ह्यात कोणाला जमलं असतं?

प्रकाशचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. त्यानं मला ओढतच ओट्यावर नेलं.

"हरद्याचं नाव काऊन टाकलं तुमी?"

"त्यायले तेच तं पायजे होतं."

"तो मानूस मेला, गजूभाऊ. बाबा अकोल्याले होते तवाच पत्र आल्तं. डॉक्टर म्हने धक्का देऊ नका, म्हनून मी दाबून ठेवलं. मंग सांगाची हिंमतच नाई झाली. त्यायनं टाकाले देल्ली दोन कार्डं बी मी पोस्टात टाकली नाईत."

"मले काऊन नाई सांगतलं मंग?"

"तुमी नावं टाकसान हे मले काय मालूम?"

आम्ही दोघं शहाणे एकमेकांकडे पाहत उभे. नंतर काय करायचं ते ठरवू म्हणून तो शाळेत गेला, मी दुकानात. आत श्रीपतरावांनी तोवर रामभरोसला पोस्टकार्ड लिहायला घेतलं होतं. दुपारी पोस्टमन आला तेव्हा त्यांनी ते स्वतःच्या हातानं त्याला दिलं. सुमनला रामभरोस गेल्याचं माहीत नव्हतं, ती बिचारी कशी अडवणार?

दहा-बारा दिवस घरात आनंद होता. खरं सांगायचं आम्ही रोज उद्यावर टाकत गेलो, उलट मी आणखी दोन कॅसेट भरून दिल्या. मग एक दिवस निरोप आला, काकांनी बोलावलं.

त्यांच्या छातीवर एक कार्ड होतं, पायथ्याशी प्रकाश उभा होता. "वाच," म्हणाले.

हिंदीत होतं, रामभरोसच्या मुलाचं. पिताजी को गुज़रे कई महीने हो गए. आपको ख़बर भेजी थी. उनके नाम से फर्माइश कौन भेज रहा है, कृपया लिखें.

"झाकण काढ."

मी काढलं. टेप समोर आला. त्यांनी त्याच्याकडे बोट केलं.

"आवाज कोनाचा?"

"रशीद मास्तरचा."

"चांगला आहे."

शिव्या दिल्या असत्या, तांब्या फेकून मारला असता, तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "तो मेला. मानूस मरतेच. पन मी इतले दिस हसून राह्यलो होतो, गजू. त्याची राख झाली अन् मी भाकरी मागून खाऊन राह्यलो होतो. हे काऊन केलं तू?"

मी माफी मागितली. प्रकाश रडला. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. टेप काढून मी पिशवीत टाकला आणि घरी आलो. दोन दिवस दुकान उघडलं नाही. मला स्वतःची लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

मग मी जे करता येत होतं ते केलं. शेजाऱ्याच्या माडीपासून काकांच्या माडीपर्यंत लांब तार ताणली. सेट दुकानात आणून आठ दिवस खपलो आणि एकेक कॉइल पुन्हा जुळवली. परत फळीवर ठेवला. रोज सकाळी जाऊन बसायचो. काका भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. नको म्हणत नसत, हो म्हणत नसत. रोज खरखर.

थंडी पडली होती. एका सकाळी आभाळ अगदी निवळ होतं आणि काटा फिरवता फिरवता स्टेशन लागलं. असं लागलं की मी दचकलो. बाईचा आवाज, शब्द न् शब्द साफ. गाणं झालं. पुढच्या गाण्याच्या फर्माइशी सुरू झाल्या. कटनी, धुळे, रायपूर... आणि मग: "खामगाव से श्रीपतराव खोडके, हरदा से रामभरोस सोनी."

माझ्या अंगावर काटा आला. त्या स्टेशनवर कार्डांचे ढीग पडायचे. आज टाकलेलं कार्ड कधी कधी वर्षानं वाचलं जायचं. हे कार्ड काकांनीच टाकलेलं होतं, न्हाणीत पडायच्या आधी, दोघांच्या नावानं.

"काका! काका, खरं आहे हे! स्टेशन लागलं!"

ते वळले नाहीत. "पुरे झालं, गजू."

"काका, आईची शपथ! टेप नाई आत. हे पाहा, झाकण काढून दाखवतो, रिकामं आहे. तुमचंच कार्ड आहे, तुमीच लिवलेलं!"

"हाव. तू असंच सांगशीन." त्यांचा आवाज थकलेला होता. "मेलेला मानूस फर्माइश करत नसते बे. इतलं तं मले कळते. बंद कर. माही थट्टा झाली तितली बस."

मी झाकण काढून त्यांच्यापुढे धरलं, सेट फिरवून दाखवला. त्यांनी डोळे मिटून घेतले. गाणं सुरू झालं होतं, त्यांनीच मागितलेलं. मी सुमनकडे पाहिलं. ती पदर तोंडाला लावून उभी होती. शेवटी तीच पुढं आली आणि तिनं बटण फिरवलं.

पुन्हा ते स्टेशन तसं कधी लागलं नाही. श्रीपतराव उन्हाळ्यात गेले.

पुढे मी रेडिओ सोडला, टीव्ही धरले, चाळीस वर्षं दुकान चालवलं. नव्या मेकॅनिकला मी एकच सांगतो. सेट चांगला असेल तर चांगला आहे म्हणायचं आणि शिव्या खाऊन परत यायचं. काकांच्या घरून मी चार वेळा तसाच परत आलो होतो. पाचव्यांदाही तसंच यायला हवं होतं.