ओसरीवरची कैरी

बाजारातून दोन किलो कैऱ्या फोडून आणल्या आणि जालन्याच्या या फ्लॅटमध्ये एकटीच कोयी काढायला बसले. पहिल्या फोडीतली कोय नखानं उचकटली, चिकाचा उग्र वास नाकात गेला, आणि हसनाबादचं आमचं अंगण समोर आलं.

लिंबाखाली आई, काकू, शेजारच्या बाया घोळक्यानं बसल्या होत्या. कोयी काढायच्या, जुन्या धोतराच्या फडक्यानं फोडी पुसायच्या अन् खिदळायच्या. तेरा वर्षांची मी ओसरीवर पोत्यावर, एकटी. पाळी आली होती.

"लांबच बस. तुझा हात लागला तर लोणचं नासंल," आई म्हणाली होती. त्या हसल्या की मला वाटायचं, मलाच हसतायत.

मग काकू उठली. ओसरीच्या काठावरून तिनं एक अख्खी कैरी माझ्याकडं घरंगळत सोडली. "ही तुझी. कोय काढ अन् मिठासंग खा. हिचं कुठं लोणचं घालायचंय!"

मी रागानं ती अंगणात भिरकावली. काकूनं उचलली, पदराला पुसली, पुन्हा सोडली.

त्या शिवाशिवीचा राग अजून गेलेला नाही. पण आता लांब बस म्हणणारंही कुणी उरलं नाही, अन् काकूही नाही.

पिशवीत एक कैरी फोडायची राहून गेली होती. ती मी समोरच्या फरशीवर घरंगळत सोडली. भिंतीपर्यंत गेली, अन् तिथंच राहिली.